खपलीचा गुण जगाने नेला, आपल्या शिवारात काय राहिले?



घोडेगावच्या बाजारात घटकाभर उभे राहिले की दोन गोष्टी कानावर पडतात. एक कांद्याचा भाव आणि दुसरी जनावराची किंमत. कांदा कोणत्या बियाण्याचा, चाळीत किती दिवस टिकेल, हे विचारल्याशिवाय कुणी पुढे सरकत नाही. गाय घ्यायची म्हटली तर तिची आई किती दूध देत होती इथपर्यंत चौकशी होते. पण गव्हाचे बियाणे घ्यायला दुकानात गेलो की आपण एवढेच म्हणतो, "लोकवन द्या एक पिशवी." त्या वाणाच्या अंगात काय आहे, कोणता रोग तो सोसतो, कोणत्या रोगापुढे मान टाकतो, हे कुणी विचारत नाही.

आता बघा, लोकवनची निंदा करायची म्हणून हे लिहीत नाही. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला आणि १९८२ साली प्रसारित झालेला 'लोक-१' हा वाण चार दशके लोकांनी उगीच सांभाळला नाही. दाणा टपोरा, चपाती मऊ, बाजारात गिऱ्हाईक तयार. पण तांबेऱ्यापुढे हा वाण कच्चा आहे, ही गोष्ट आता जुनी झाली. तांबेरा पडला की पानावर बोट फिरवले तरी विटकरी भुकटी लागते, दाणा चिमतो आणि पोत्याचे वजन घटते. मग आपण म्हणतो, "यंदा हवा वाईट होती." हवा असतेच. पण हवेच्या जोडीला बियाणेही जबाबदार असते.

आजचा विषय तोच आहे. पिकाच्या अंगात रोग सोसण्याचा गुण येतो कुठून, एका धान्यातला गुण दुसऱ्या धान्यात नेता येतो काय, नेला तर तो टिकतो किती दिवस, आणि या सगळ्यात नेवासे तालुक्यातल्या शेतकऱ्याने यंदाच्या रब्बीत काय करायचे.

तांबेरा येतो कुठून?

गव्हावर तांबेरा तीन प्रकारचा. खोडावर येतो तो काळा, पानावर येतो तो तपकिरी किंवा नारिंगी, आणि उत्तरेकडे थंडीत येतो तो पिवळा. आपल्याकडे भीती पहिल्या दोघांची. पिवळ्याला कडक थंडी लागते, आपल्या हवेत त्याचे जमत नाही.

कापणी झाली, एप्रिल-मेचे ऊन पडले, की आपल्या शिवारातला तांबेरा मरतो. मग पुढच्या साली तो पुन्हा येतो कसा? आग्रा कॉलेजचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी या एका प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आपल्याकडे उन्हाळा तापतो तेव्हा दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत हवा थंड असते. तिथे गव्हाची रोपे उभी असतात आणि त्यांवर तांबेरा जिवंत राहतो. तिथून त्याचे बीजाणू वाऱ्यावर स्वार होऊन उत्तरेकडे निघतात. पुढे शास्त्रज्ञ एस. नागराजन आणि एल. एम. जोशी यांनी दाखवून दिले की बंगालच्या उपसागरात नोव्हेंबरच्या सुमारास वादळ उठले आणि वाऱ्याची दिशा जुळली, की हे बीजाणू शेकडो मैल उडत येतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर मध्य भारतातल्या कोवळ्या गव्हावर उतरतात.

म्हणजे काय झाले? तुम्ही बांध साफ ठेवला, शेजाऱ्याने ठेवला, साऱ्या गावाने ठेवला, तरी हा पाहुणा आभाळातून येणारच. त्याला वेशीवर अडवता येत नाही. अडवायचे तर पानावरच अडवावे लागते, आणि ते काम वाणाच्या अंगातला गुणच करतो. १९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातला गहू उभ्याचा बसवला. आधीच रेशनचे दिवस, त्यात हे संकट. जुनी माणसे त्या वर्षाची आठवण काढत. त्यानंतर तसा प्रलय आपल्याकडे झाला नाही, याचे मोठे श्रेय रोग सोसणाऱ्या वाणांना आहे.

महाबळेश्वरला थंड हवेसाठी आपण सहल काढतो. त्याच हवेसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू गेरवा संशोधन केंद्र तिथे आहे. गेरवा म्हणजे तांबेराच. तिथे गव्हावर मुद्दाम रोग सोडतात, आणि त्यातून जो वाण तरतो त्यालाच पुढची वाट मिळते.

गुण म्हणजे पहारेकरी

शास्त्रज्ञ ज्याला जनुक म्हणतात, त्याला आपण आजच्यापुरते गुण म्हणू. रोग सोसणारे गुण साधारण दोन तऱ्हेचे असतात.

पहिला गुण पहारेकऱ्यासारखा. वाड्याच्या दारावर बसलेला, चोराचा चेहरा ओळखणारा. चोर दिसला की तो आरडाओरडा करतो, आणि पान रोगाभोवतीचा तेवढा भाग स्वतःच मारून टाकते. रोगाला खायला जिवंत पेशी मिळत नाही, तो उपाशी मरतो. हा गुण जबरदस्त, पानावर डागसुद्धा नीट उठू देत नाही. पण त्याची एक खोड आहे. तो चोराला चेहऱ्यावरून ओळखतो. चोराने वेष बदलला की तो समोरून गेला तरी पहारेकरी गप्प बसतो.

दुसरा गुण जाड भिंतीसारखा. तो चोराला ओळखत नाही, फक्त त्याचे काम लांबवतो. तांबेरा येतो, पण कमी येतो, उशिरा येतो, सावकाश पसरतो. तोवर दाणा भरून निघतो. हा गुण दिसायला साधा, पण वर्षानुवर्षे टिकणारा.

या दोन्ही तऱ्हा ध्यानात ठेवा. पुढचे सगळे यावरच आहे.

खपलीची गोष्ट

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि तिकडे बेळगावच्या पट्ट्यात आजही खपली गहू पेरतात. खपलीची खीर ज्याने खाल्ली त्याला तिची चव सांगायला नको. दाण्याला टरफल घट्ट, मळणीत सुटत नाही, वेगळे कांडावे लागते. उतारा कमी, कटकट जास्त. म्हणून सरबती गहू आला तशी खपली मागे पडली. "गरिबाचा, जुन्या माणसांचा गहू" म्हणून तिला बाजूला सारले.

पण तांबेऱ्यापुढे हीच खपली ताठ उभी राहायची, आणि हे आपल्याआधी परदेशातल्या माणसांनी हेरले. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला. कोणत्या गव्हावर रोग पडतो आणि कोणत्यावर पडत नाही, यावरून रोगाची जात ओळखायची. त्या बारांपैकी एक गहू हिंदुस्थानातून गेलेला, आणि त्याचे नाव त्यांनी जसेच्या तसे लिहिले, 'खपली'. आपल्या आजीच्या कोठीतला शब्द तेव्हापासून जगभरच्या रोगशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

पुढे ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठाच्या वॉटरहाऊस यांनी त्यांच्याकडच्या स्टाइनवेडेल गव्हाशी खपलीचा संकर केला. त्यातून निघालेल्या गव्हाचे नाव 'खपस्टाइन', निम्मे नाव आपले आणि निम्मे त्यांचे. हा संकर सोपा नसतो. खपलीत गुणसूत्रे २८ आणि सरबतीत ४२. दोघांचा जोड लावला तर पोटची पिढी बरीचशी वांझ निघते. तिला पुन्हा पुन्हा सरबतीशी जोडत, दर पिढीत रोग सोडून पाहत, चांगले निवडत जावे लागते. घोड्यात गाढवाचा काटकपणा आणायचा, पण खेचर होऊ द्यायचे नाही, असे हे काम आहे.

खपलीतून आलेल्या गुणांना शास्त्रज्ञांनी क्रमांक दिले. त्यांतला एक 'एसआर-१३'. काळ्या तांबेऱ्याच्या अलीकडच्या भयंकर जातींपुढेही तो टिकतो असे आढळले, आणि २०१७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हा गुण नेमका कोणत्या जनुकात आहे ते शोधून काढले. खपलीची रशियातली एक भावकी होती, यारोस्लाव नावाची. तिच्यातून अमेरिकेतल्या मॅकफॅडन या माणसाने संकराने एक गुण सरबतीत आणला. तो 'एसआर-२', जाड भिंतीचा गुण. तो इतका टिकाऊ निघाला की आजही जगभरचे गहू पैदासकार त्याचा आधार घेतात.

तात्पर्य एवढेच की एका धान्यातला गुण दुसऱ्यात नेणे ही कालपरवाची प्रयोगशाळेतली करामत नाही. शंभर वर्षे हे चालले आहे, आणि त्यात आपल्या मातीतल्या वाणाचा मोठा वाटा आहे.

उसना गुण आणि एकट्याचा भार

आता दुसरी बाजू ऐका, कारण खरा धडा तिच्यात आहे.

युरोपच्या थंड मुलखात राय नावाचे एक धान्य पिकते. आपली फोडणीची राई नव्हे. हे गव्हाच्या नात्यातले पण वेगळे धान्य, त्याची काळसर भाकरी तिकडे खातात. या रायच्या एका गुणसूत्राचा तुकडा शास्त्रज्ञांनी संकर करून गव्हात आणला. त्या एका तुकड्याबरोबर काळा, तपकिरी आणि पिवळा, तिन्ही तांबेऱ्यांपुढे उभे राहणारे गुण आले. काळ्या तांबेऱ्यासाठीचा गुण होता 'एसआर-३१'. उताराही वाढला. मग काय, हा तुकडा असलेले गहू जगभर लाखो एकरांवर गेले. आपल्याकडे १९९५ साली प्रसारित झालेला 'पीबीडब्ल्यू-३४३' हा त्यातलाच. पंजाब-हरियाणात जिकडे पाहावे तिकडे तोच.

पहारेकरी एकच आणि वाडे लाखो. चोराला एवढेच करायचे होते की या एका पहारेकऱ्यापुरता वेष बदलायचा. १९९८ साली आफ्रिकेत युगांडा देशातल्या गव्हावर काळ्या तांबेऱ्याची अशी एक जात सापडली जिच्यापुढे एसआर-३१ निकामी ठरला. 'युजी-९९' असे तिचे नाव पडले. हरितक्रांतीचे जनक नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीच्या घरात होते. २००५ साली त्यांनी जगाला जाहीर इशारा दिला की हे प्रकरण हलक्यात घेऊ नका. ही जात पुढे इराणपर्यंत पोचली. भारतात ती आढळल्याची नोंद नाही, ही समाधानाची गोष्ट. पण पीबीडब्ल्यू-३४३ ला उत्तरेत पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या जातीने गाठलेच, आणि शेतकऱ्यांना तो वाण सोडावा लागला.

हे लांबचे वाटत असेल तर जवळचे सांगतो. १९७० च्या सुमारास संकरित बाजरीची 'एचबी-३' आपल्याकडे घरोघर गेली होती. देशात १९७०-७१ साली बाजरी विक्रमी, ८० लाख टनांच्या आसपास पिकली. आणि लगेच पुढच्या वर्षांत गोसावी रोग असा पसरला की कणसाच्या जागी नुसता पाल्याचा झुबका. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना विचारा. रोग आधीही होता. फरक एवढाच की आधी शिवारात दहा तऱ्हेची बाजरी होती, नंतर एकच राहिली.

आणि कपाशी? शेवगाव, पाथर्डी, नेवासे, या तिन्ही तालुक्यांना हे सांगायलाच नको. २००२ साली बीटी आले, २००६ साली दोन जनुकांचे बीटी-२ आले. पाकिटाबरोबर साध्या कपाशीची एक छोटी पुडी मिळायची आणि कडेने पाच ओळी लावायला सांगितलेले असायचे. किती जणांनी लावली? बहुतेकांनी ती बांधावर फेकली. "त्यात अळी पडते, कशाला जागा घालवायची?" त्या पुडीचे कामच ते होते. साधी अळी तिथे जगावी, बीटी पचवणाऱ्या अळीशी तिचा संबंध यावा, आणि बीटी पचवण्याची ताकद पातळ व्हावी. आपण पुडी फेकली, डिसेंबरनंतर फरदड ठेवली, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडे पोखरली.

कपाशीत अळी, बाजरीत गोसावी, गव्हात तांबेरा. प्राणी वेगळे, हिशेब एकच. गुण कितीही भारी असला तरी सगळीकडे एकटाच उभा केला, की तो किती दिवस टिकेल याची मुदत आपणच कमी करतो.

प्रयोगशाळेत आता काय चालले आहे?

संकराने गुण आणायला दहा-पंधरा वर्षे जातात, आणि चांगल्या गुणाबरोबर नको असलेलेही चिकटून येतात. शिवाय गहू आणि ज्वारी यांचा संकर काही केले तरी होत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरा रस्ता धरला. नेमका गुण शोधायचा, तेवढाच उचलायचा आणि दुसऱ्या पिकात बसवायचा.

यातले सर्वांत गाजलेले उदाहरण 'एलआर-३४'. हा गव्हातला जाड भिंतीचा गुण, अनेक दशके टिकलेला. तो कोणत्या जनुकात आहे हे २००९ साली कळले. मग तो जव, भात, मका आणि ज्वारी या पिकांत बसवून पाहिला. भातात करपा कमी झाला. ज्वारीचा प्रयोग २०१७ साली जाहीर झाला, त्यात ज्वारीचा तांबेरा आणि पानावरचा करपा दोन्ही कमी पडले. मालदांडी पेरणाऱ्या आपल्या भागाने ही बातमी लक्षात ठेवावी अशी आहे. गव्हाच्या रोगापुढे कमावलेला गुण ज्वारीच्या वेगळ्याच रोगापुढे चालतो, म्हणजे धान्याधान्यांत आतले नाते किती जवळचे आहे ते समजते.

पण सगळे गोड नाही. जवात हाच गुण बसवला तर रोग थांबला, मात्र पानांचे शेंडे अकाली वाळले आणि झाडाची वाढ खुंटली. पहारा सतत चालू ठेवायला झाडालाही ताकद खर्चावी लागते. एका पिकात शोभणारा दागिना दुसऱ्याला जड होतो.

दुसरी महत्त्वाची गोष्ट २०२१ ची. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी काळ्या तांबेऱ्यापुढचे पाच गुण एकत्र बांधून त्यांची जुडीच गव्हात बसवली. त्यातला एक रायमधून आलेला. पाचही गुण एकाच ठिकाणी बांधलेले असल्याने पुढच्या पिढीत ते वेगळे होत नाहीत. एक काडी मोडते, मोळी मोडत नाही, हे म्हातारा बाप मुलांना सांगतो तेच इथे आहे. पाच पहारेकऱ्यांना एकाच वेळी फसवेल असा वेष रोगाला सहजी सापडत नाही.

आता तुमचा प्रश्न, "हे आपल्याला कधी मिळणार?" सरळ सांगतो. असा जनुक बसवलेला गहू, ज्वारी किंवा बाजरी आज देशात लागवडीला मिळत नाही. आपल्या देशात शेतकऱ्याला कायद्याने पेरता येणारे असे जनुकबदल पीक म्हणजे कापूसच. बाकीच्यांना केंद्राच्या समितीची परवानगी लागते, आणि त्यावर देशात वाद आहेत, कोर्टकज्जे आहेत. जनुक बाहेरून न आणता झाडातल्याच जनुकात बारीक दुरुस्ती करायची, ही आणखी एक पद्धत आहे. तिच्यावरचे निर्बंध २०२२ साली केंद्राने सैल केले, आणि मे २०२५ मध्ये अशा दोन भातवाणांची घोषणाही झाली. पण ती भाताची, तांबेऱ्याची नव्हे.

म्हणून सावध करतो. उद्या कुणी गाडीवर येऊन "नव्या जनुकाचा, तांबेरा न पडणारा गहू" अशी बिनलेबलची पिशवी दाखवली तर घेऊ नका. कपाशीच्या चोरट्या बियाण्याची पाकिटे कशी गावोगाव फिरली ते आपण पाहिले आहे. पावती नाही, लेबल नाही, म्हणजे पीक गेल्यावर दाद मागायला जागा नाही.

यंदाच्या रब्बीत काय करावे?

प्रयोगशाळेतले येईल तेव्हा येईल. आज दुकानात आणि विद्यापीठात मिळणाऱ्या वाणांतही संकराने आणलेले रोगाचे गुण आहेत. त्यांचा उपयोग आपण पुरता करत नाही, हे खरे दुखणे आहे.

निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचे वाण आहेत. वेळेवर बागायतीला त्र्यंबक आणि तपोवन, वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालणारा फुले समाधान, पाणी कमी असेल तर नेत्रावती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे एमएसीएस ६२२२ आणि एमएसीएस ६४७८ आहेत. सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या करंजखोप गावाने एमएसीएस ६४७८ धरला. पूर्वी लोक-१ आणि एचडी-२१८९ यांसारख्या जुन्या वाणांवर तिथे हेक्टरी २५ ते ३० क्विंटल उतारा होता, नव्या वाणावर तो ४५ ते ६० क्विंटलपर्यंत गेल्याची माहिती केंद्र सरकारने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. या वाणाला काळ्या आणि तपकिरी तांबेऱ्याच्या बहुतेक जाती बाधत नाहीत. प्रत्येक जमिनीत ६० क्विंटल येईलच असे नाही, पण करंजखोपचे शेतकरी आपल्यासारखेच आहेत.

मात्र हे वाचून सगळ्या गावाने उद्या एकाच वाणाच्या पिशव्या आणल्या तर वरचा सगळा लेख वाया गेला म्हणायचा. ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी अशा :

एक, गावात तीन-चार वाण असू द्या. पाच एकर गहू असेल तर निदान दोन वाण पेरा. लोकवन घरच्या चपातीला आवडतो तर अर्धा एकर पेरा, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

दोन, बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. उशिराच्या गव्हाचा दाणा भरायला आणि तांबेरा जोर धरायला एकच गाठ पडते.

तीन, युरिया हात राखून. मुळेच्या पाटाचे पाणी आले म्हणून भरभरून पाणी आणि वर युरियाचा मारा, मग गहू लुसलुशीत होतो. असले पान तांबेऱ्याला मेजवानी.

चार, जानेवारीपासून आठवड्यातून एकदा शेतात आत शिरून खालची पाने पाहा. विटकरी पुळ्या दिसताच वाट न बघता प्रोपिकोनॅझोल लिटरला १ मिली या प्रमाणात फवारा, आणि कृषी खात्याच्या माणसाला कळवा. सोसणारा म्हणून घेतलेल्या वाणावर तांबेरा दिसला तर हमखास कळवा. तो नव्या जातीचा असू शकतो, आणि तुमच्या शेतातले ते एक पान पुढच्या हजारो शेतांना सावध करू शकते.

गावच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, तलाठी, कृषी खात्याचे गावचे कर्मचारी, सोसायटीचे सचिव, हे तुमच्यासाठी. सातबाऱ्यावर पिकाच्या रकान्यात "गहू" लागतो. कोणता गहू, ते लागत नाही. त्यामुळे आपल्या गावात एकाच वाणाखाली किती क्षेत्र आहे हे गावालाच ठाऊक नसते. रब्बीच्या ग्रामसभेत साध्या वहीत शेतकरी, पीक, वाण आणि क्षेत्र एवढी यादी करायला पैसा लागत नाही. रोग आला की कुठे आधी पाहायचे हे त्या वहीवरून एका दृष्टीत कळेल. आणि सोसायटीत बियाणे मागवताना एकाच वाणाची गाडी न मागवता तीन वाणांची मागवता येईल.

दुसरे, जुने वाण. आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे सांभाळले, म्हणून देशाने त्यांना २०२० सालच्या पद्मश्रीने गौरवले. बियाणे सांभाळणे हे मागासपणाचे लक्षण नाही, हे त्यांच्यामुळे पुष्कळांना पटले. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला घरचे बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे लेबल न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. गावाने जपलेल्या जुन्या वाणाची शेतकऱ्यांच्या नावे नोंदणीही या कायद्याखाली होते. खपली, बन्सी, जुनी मालदांडी असे कुणाच्या घरी चार पायली बियाणे असेल तर त्याची चौकशी करा. शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या जागेत गुंठा-दोन गुंठे दरसाल पेरत ठेवा. राहुरीचे विद्यापीठ आपल्या शेजारच्या तालुक्यात आहे, त्यांना दाखवा.

शंभर वर्षांपूर्वी परदेशी शास्त्रज्ञाला खपली मिळाली, कारण इथल्या कुणातरी बाईने ती कोठीत राखली होती आणि कुणीतरी बाप्याने कटकट सोसून ती पेरली होती. त्यांना जनुक हा शब्द माहीत नव्हता. पुढच्या शंभर वर्षांत तांबेऱ्याच्या कोणत्या जातीपुढे कोणता गुण लागेल ते आज कुणी सांगू शकत नाही. तो गुण कदाचित तुमच्या माळ्यावरच्या एखाद्या मडक्यात असेल.

तेव्हा यंदा बियाण्याच्या दुकानात गेलात, की घोडेगावच्या बाजारात गाईची करता तेवढी चौकशी गव्हाचीही करा. याची आई कोण, हा कोणता रोग सोसतो, आणि शेजाऱ्याने कोणता घेतला. शेजाऱ्याने हाच घेतला असेल, तर तुम्ही दुसरा घ्या.